आठवण काढलेली यंत्रं

जळगावच्या एका बँकेने अकरा संगणक दिले,
चोपड्याच्या वर, एस.टी. जिथे वळून परत जाते
तिथल्या शाळेला.
टेम्पोतून उतरवताना हलके लागले.
मागून पत्र आलं: नियमाप्रमाणे हार्डडिस्क काढून घेतल्या आहेत.
म्हणजे आधी आठवण काढली,
मग दान केलं.
आपल्याकडे आठवण काढणं म्हणजे बरोबर उलटं असतं.

मी अमळनेरचा. गणित शिकवतो, बाकीचं निस्तरतो.
पेनड्राइव्हवरून चालणारी एक सिस्टिम मिळवली,
खोचली, एफ बारा दाबलं,
काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं धडाधड उतरली
सावद्याला केळीचे घड उतरतात तशी,
आणि निळं पान उघडलं.
पोरं ओरडली. मीही, थोडासा.

जायदा तडवीने त्या दिवशी बकरी काढली.
तीन पाय झाले. चौथ्याला लाईट गेली.

दुसऱ्या दिवशी बकरी नव्हती.
यंत्राने जायदाला कधी पाहिलंच नसल्यासारखं
भाषा विचारली, कीबोर्ड कुठला ते विचारलं.
मी सेव्ह करायला शिकवलं. तेही गेलं.
आठ दिवसांत तिचा हात असा बसला
की तीन पाय दोन मिनिटांत व्हायचे,
आणि लाईट तरी चौथ्याच्या आधी.
‘सर, याले काहीच याद नही ऱ्हास का?’
राहतं, म्हटलं, पण उभं असेपर्यंतच.
बसलं की विसरतं.
‘मंग याले बसू देऊ नका.’

रात्री खोलीच्या भिंती तापलेल्याच होत्या.
लॅपटॉपवर पेनड्राइव्हचे दोन वाटे केले:
चार जीबी सिस्टिमला, उरलेली बारा मोकळी.
मोकळ्या वाट्याला नाव द्यावं लागतं,
एकच चालतं, इंग्रजी, अकरा अक्षरांचं.
माझ्याकडून ‘ई’च्या जागी ‘ए’ पडला.
यंत्राने चूक दाखवली नाही,
फक्त ओळख दिली नाही.
अशी माणसं तालुक्याच्या कार्यालयात बसतात.

दुसऱ्यांदा अक्षर न् अक्षर मोठ्याने वाचून टाकलं.
तेच नाव सुरू होतानाच्या ओळीलाही जोडलं,
नाहीतर जागा असूनही ते तिकडे बघत नाही.
मग त्या वाट्यात एक छोटी फाईल, फाईलीत एक ओळ:
तिरपी रेघ, थोडी जागा, आणि शब्द ‘युनियन’.
भुसावळचा माणूस असता तर रेल्वेचीच समजला असता.
अर्थ इतकाच की खालचं आहे तसं राहतं,
त्याला कुणी हात लावत नाही,
वर एक थर पसरतो, मांड्यासारखा पातळ,
आणि पोरांचं सगळं त्या थरावर.

सकाळी जायदाने बकरी काढली. तीन पाय. सेव्ह.
लाईट गेली, अगदी वेळेवर.
पोरं माझ्याकडे बघत होती, मी थांबलेल्या पंख्याकडे.
साडेतीनला आली.
निळं पान. कोपऱ्यात फाईल: बकरी.
तारीख मात्र एक जानेवारी दोन हजार नऊ,
आतला सेल मेलेला, यंत्राला रोज नवं वर्ष.
त्या तारखेला जायदा जन्मलीही नव्हती.

यावेळी कुणी ओरडलं नाही.
तिने बोटाने पाय मोजले.
‘आते चौथा काढना पडी,’ म्हणाली,
आणि माऊस धरून बसून राहिली.
चौथ्याचा सरावच नव्हता.

त्याच आठवड्यात कुणीतरी मला काढून ठेवलं,
डोक्यावर तीन केस, हातात पट्टी.
पूर्वी असलं लाईटीबरोबर धुऊन जायचं.
मी पुसायला गेलो. यंत्राने विचारलं, नक्की?
राहू दिलं. बारा जीबीत तीन केस काय अडतात.

बकरी अजून तीन पायांवर आहे.
विचारलं तर जायदा म्हणते,
‘आते काय घाई शे?’